एम्प्रेस मिलमध्ये स्वस्तातली विलायती मशिनं आली आणि जमशेदजी टाटांनी माल घ्यायची पद्धतच बदलून टाकली

नागपुरात गांधीसागर तलावाच्या बाजूला एम्प्रेस सिटी मॉल आहे. आज तिथं लोक खरेदीला जातात, पिक्चर बघायला जातात. पण मॉल होण्याआधी याच भागात सव्वाशे वर्षं गिरणीचा भोंगा वाजत होता.

१ जानेवारी १८७७ ला ही गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत मोठा दरबार भरला होता आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं होतं. म्हणून गिरणीचं नाव पडलं एम्प्रेस मिल. गिरणी उभी करणाऱ्या माणसाचं वय तेव्हा होतं ३७. नाव जमशेदजी नसरवानजी टाटा.

आता जमशेदजी म्हटलं की आपल्याला ताज हॉटेल आठवतं. वॉटसन हॉटेलच्या दारातून त्यांना परत पाठवलं आणि त्या रागातून ताज उभं राहिलं, हा किस्सा तर तुमच्या फॅमिली ग्रुपवरही येऊन गेला असेल. त्याला भक्कम पुरावा काही मिळत नाही, त्यामुळं तो बाजूला ठेवू. त्यापेक्षा एम्प्रेस मिलची गोष्ट जास्त भारी आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

विषय असा होता की कारखाना नागपुरात, कापूस विदर्भातला, कामगारही इथलेच. पण एकूण एक मशीन येणार इंग्लंडवरून. ज्यानं मशीन बनवलं त्यानं ते लँकेशायरची ओलसर हवा, अमेरिकेतला लांब धाग्याचा कापूस आणि पिढ्यानपिढ्या गिरणीत राबलेला इंग्रज कामगार डोळ्यापुढं ठेवून बनवलेलं. नागपुरात यातलं काहीच नव्हतं. वर एखादा भाग मोडला तर नवा यायला महिने लागणार. आणि ज्याच्याकडून मशीन घ्यायचं त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लँकेशायरच्याच गिरण्या, म्हणजे जमशेदजींचे स्पर्धक.

एवढ्या लांबच्या पुरवठादाराला सांभाळायचं कसं? हे शिकायला जमशेदजींना आयुष्य खर्ची घालावं लागलं. आणि पहिला धडा त्यांना गिरणी काढायच्या बऱ्याच आधी मिळाला होता.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराण्यात पारशी धर्मगुरूंची परंपरा होती. वडील नसरवानजी मात्र मुंबईला येऊन व्यापारात पडले. पोरगा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि शिक्षण झाल्यावर वडिलांच्या पेढीत बसला. १८५९ मध्ये त्याला हाँगकाँगला पाठवलं. तिथं पेढीचा धंदा होता कापूस आणि अफू तिकडं विकायचा आणि चहा, रेशीम घेऊन यायचं. अफूचा व्यापार तेव्हा कायदेशीर होता आणि मुंबईतल्या बड्या बड्या पेढ्या त्यात होत्या. पुढं जे घडलं ते मोठं आहे म्हणून हे लपवायचं कारण नाही.

इकडं १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि जगाचा कापूसबाजार उलटापालटा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून यायचा. उत्तरेच्या आरमारानं त्या राज्यांची बंदरं अडवली. कापूस यायचा थांबला, गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार घरी बसले. एकाच देशातल्या मालावर विसंबून राहिलं की काय होतं ते जगातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगानं तेव्हा भोगलं.

मग इंग्रजांना हिंदुस्थानचा कापूस आठवला. तिकडं त्याला सुरती कापूस म्हणायचे. मुंबईत सोन्याचा धूर निघायला लागला. पण लँकेशायरच्या कामगारांनी या कापसाच्या नावानं बोटं मोडली. त्याचा धागा आखूड, त्यात कचरा फार. तिथली मशिनं अमेरिकन कापसाला जुळवलेली, त्यामुळं सूत सारखं तुटायचं. कामगारांना मजुरी मिळायची ती निघालेल्या मालावर, म्हणजे दिवसभर राबूनही हातात कमी पैसे. सुरत हा शब्दच तिकडं भिकार मालासाठी वापरला जाऊ लागला.

खरं तर कापसात दोष नव्हता आणि मशीनमध्येही नव्हता. दोघांची जोडी जमत नव्हती, एवढंच. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढं सगळं यावरच फिरतं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं आणि कापसाचे भाव धाडकन कोसळले. मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. जमशेदजी त्याच वेळी लंडनमध्ये होते, हातात कापसाच्या व्यवहाराच्या हुंड्या होत्या आणि त्यांची किंमत आता रद्दीएवढी उरली होती. वयाची पंचविशी. तोंड लपवून परत येता आलं असतं. पण पठ्ठ्यानं बँकवाल्यांना आणि देणेकऱ्यांना गाठलं, आपली खरी परिस्थिती समोर मांडली आणि मुदत मागितली. समोरच्यांना त्याचा खरेपणा इतका पटला की स्वतःच्याच पेढीची देणी निस्तरायचं काम त्यालाच दिलं. महिना २० पौंड पगारावर.

मुंबईत वडिलांना घर विकावं लागलं. नंतर अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेवर गेलेल्या इंग्रज फौजेला रसद पुरवायचा ठेका मिळाला, तेव्हा कुठं घर सावरलं.

१८६८ मध्ये जमशेदजींनी २१ हजार रुपयांवर स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा मिल. दोनेक वर्षांत ती नफ्यात विकून टाकली आणि पुन्हा इंग्लंड गाठलं. या वेळी बघायच्या होत्या लँकेशायरच्या गिरण्या. कापूस कुठून येतो, कसा पिंजतात, कुठलं मशीन काय करतं, माल कसा विकतात, सगळं जवळून बघितलं.

परत आल्यावर गिरणीसाठी जागा निवडताना त्यांनी मुंबईकडं पाठ फिरवली. शंभरातल्या नव्वद जणांनी तेव्हा मुंबईच निवडली असती. पण जमशेदजींना जागा हवी होती जिथं कापूस शेजारी पिकतो, कोळसा जवळ मिळतो, पाणी आहे आणि रेल्वे आहे. नागपूरला रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली होती. आजूबाजूला सगळा कापसाचा मुलूख. वरोऱ्याला कोळसा. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन घेतली. हा जुम्मा तलाव म्हणजेच आजचा गांधीसागर.

खड्डे बुजवायला माती टाकायचं काम सुरू होतं तेव्हा एका स्थानिक सावकाराकडं भांडवल मागितलं, तर त्यानं हा माणूस सोनं मातीत घालतोय असं म्हणून नकार दिला. पुढं गिरणी चालली तेव्हा याच सावकारानं कबूल केलं की टाटानं माती घातली आणि सोनं काढलं.

पण मध्ये एक गडबड झाली, जी या किस्स्यात येत नाही.

पैसा मर्यादित होता, म्हणून सुरुवातीची मशिनं स्वस्तातली घेतली गेली. तीसेक हजार चात्या आणि साडेचारशे माग. चाती म्हणजे स्पिंडल, जिच्यावर सूत गुंडाळलं जातं. कागदावर हिशेब झकास दिसत होता. गिरणी सुरू झाली आणि मशिनांनी रंग दाखवला. सूत धड निघेना, माल कमी, दर्जा खराब. कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला. नागपूरसारख्या ठिकाणी, लोकांचे पैसे घेऊन काढलेली ही नवी कंपनी. ती बुडाली असती तर टाटा हे नाव आज आपल्याला माहीतच नसतं.

अशा वेळी बहुतेक मालक काय करतात? पुरवठादाराला शिव्या घालतात, मॅनेजरला काढतात, कामगारांवर खापर फोडतात. जमशेदजींनी स्वस्त मशिनं काढून चांगली मशिनं बसवली. अंगावर कर्ज असताना केलेला हा खर्च होता. मशीन घेताना वाचवलेला पैसा दर दिवसाच्या खराब सुतातून दुप्पट जातो, हे गणित त्यांना कळलं होतं. यापुढं त्यांच्या खरेदीत किमतीचा आकडा सगळ्यात शेवटी यायला लागला.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. मॅनेजर म्हणून त्यांनी घेतलं बेजनजी दादाभाई मेहता यांना. हा माणूस आला जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून, गिरणीचं शून्य ज्ञान. पण माल वेळेत हलवणं आणि माणसं सांभाळणं त्यांच्या रक्तात होतं. तांत्रिक बाजू दिली जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या जाणकाराकडं. आता बघा, एक माणूस नागपूर समजणारा आणि एक मशिनाची भाषा समजणारा. मशीन पाठवणाऱ्या कंपनीनं जे सांगितलं त्यावर मान डोलवायची नाही, यासाठी आपल्या बाजूला त्याच मुलखातला जाणकार बसवला.

तरी हवेचं काय करणार? लँकेशायरला कापडधंदा फोफावला त्यात तिथल्या दमट हवेचा मोठा वाटा. दमट हवेत कापसाचा धागा लवचिक राहतो. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहितीये. कोरड्या उन्हाळ्यात धागा ठिसूळ होतो, तटातट तुटतो, आणि विलायतेतून आलेल्या मशीनच्या कागदपत्रांत नागपूरच्या मे महिन्याचा उल्लेख नसतो. मग एम्प्रेसमध्ये हवेत ओलावा सोडणारी यंत्रणा बसवली, हवा खेळती ठेवायची सोय केली, आगीपासून वाचायला पाण्याचे फवारे बसवले. भारतातल्या गिरण्यांत या गोष्टी तेव्हा जवळपास कुठं नव्हत्या. कामगारालाही त्याचा फायदा झाला, पण मूळ गरज धाग्याची होती, हेही खरं.

यानंतर आलं ते प्रकरण, ज्यात जमशेदजींनी थेट लँकेशायरलाच मागं टाकलं.

त्या काळात इंग्लंडमध्ये सूत काढलं जायचं ते मुख्यतः म्यूल नावाच्या मशिनावर. त्याची एक लांबलचक गाडी पुढं यायची, धागा ओढायची, पीळ द्यायची, मग मागं जाताना तो गुंडाळायची. काम बारीक व्हायचं, सूत मऊ निघायचं, पण मशीन चालवायला कसलेला गडी लागायचा. लँकेशायरमध्ये असे गडी ढीगभर होते, बापाकडून पोराकडं कला जायची, त्यांच्या तगड्या संघटना होत्या. त्यांच्यासाठी म्यूल बरोबर होतं.

अमेरिकेत १८२८ च्या सुमारास रिंग नावाची दुसरी पद्धत निघाली होती. यात धागा ओढणं, पीळ देणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता चालतं. सूत म्यूलइतकं तलम नाही, पण मजबूत. आणि शिकायला सोपं. जिथं पिढीजात कसबी कामगार नाहीत आणि जाड किंवा मध्यम सूत काढायचंय, तिथं हे मशीन म्हणजे पर्वणी. मुंबईच्या गिरणगावातली जुनी माणसं ज्याला त्रासन खातं म्हणायची ते याच कामाचं खातं.

ब्रुक्सबी रजेवर इंग्लंडला गेले होते, तिथून दोन रिंग मशिनं आणली गेली. ही गोष्ट १८८३ च्या सुमाराची. जमशेदजींनी आणि ब्रुक्सबींनी ती नागपुरात, विदर्भाच्या कापसावर, इथल्या कामगारांच्या हातून चालवून बघितली. वेग वाढवत नेला. बनवणाऱ्यांनी जेवढा वेग धरला होता त्याच्या बराच पुढं गेला. मग ठरलं की हेच मशीन हवं.

पण त्यांचे नेहमीचे इंग्लिश यंत्रनिर्माते तयार होईनात. त्यांच्या दृष्टीनं म्यूल हेच खरं मशीन, रिंग म्हणजे खेळणं. मोठा, नावाजलेला पुरवठादार, वर्षानुवर्षांचे संबंध, आणि समोर वसाहतीतला एक हिंदी गिरणीवाला त्यांना सांगतोय की तुमचं मशीन माझ्या कामाचं नाही. त्यांनी ऐकलं नाही. जमशेदजींनी वाद घालत बसण्यापेक्षा ऑर्डर दुसऱ्या कंपनीकडं फिरवली.

मला विचाराल तर जमशेदजींच्या सगळ्या आयुष्यातला हा सगळ्यात धाडसी निर्णय. ताजपेक्षाही. कारण जगातल्या सगळ्यात मोठ्या कापडउद्योगाचं मत एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला नागपुरातल्या दोन मशिनांचे आकडे. त्यांनी आकडे मानले. पुढं जपाननं आपला सगळा सूतधंदा रिंगवर उभा केला आणि बाजार मारला. लँकेशायरमध्ये मात्र पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरही बहुतेक चात्या म्यूलच्याच होत्या.

मशीन मिळालं, आता माणसं. नागपुरात सुरुवातीला खाड्यांचं प्रमाण प्रचंड होतं. रोज शंभरातले वीसेक कामगार गैरहजर. मुंबईत खाडे एवढे नसायचे. कारण मुंबईचा कामगार कोकणातून, घाटावरून घर सोडून आलेला. खोलीचं भाडं, खाणावळीचे पैसे, गावाकडं मनीऑर्डर, सगळं पगारावर. नागपूरचा कामगार आपल्याच गावात, आपल्याच घरात राहणारा. घरातले चार जण गिरणीत कमावत असतील तर एकानं चार दिवस दांडी मारली म्हणून चूल विझायची नाही. शेतीची कामं, लग्नसराई, सणवार, हे सगळं भोंग्याच्या आधी होतं.

इंग्लंडमधल्या गिरणीचं सगळं वेळापत्रक एक गोष्ट गृहीत धरून चालायचं, की भोंगा वाजला की माणूस येणारच. तिथं ती सवय लागायला दोन-तीन पिढ्या गेल्या होत्या, दंड झाले, उपासमार झाली. ते सगळं नागपुरात पुन्हा करायचं का?

बेजनजींनी दंडाची भाषा फार ताणली नाही. वीस टक्के खाडे होणारच असं धरून जादा माणसं हाताशी ठेवली. मग नियमित येणाऱ्यांना बक्षिसं सुरू केली. दर वर्षी बक्षीस समारंभ, त्यात घड्याळं, पदकं, कापडं. सगळ्या गावासमोर नाव पुकारलं जायचं. खेळांचे सामने भरवले. १८८६ मध्ये पेन्शनची योजना आली, १८९५ मध्ये कामावर जखमी होणाऱ्यांना भरपाई, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. आता जरा कायद्याच्या तारखा बघा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा भारतात आला १९२३ मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडाचा १९५२ मध्ये.

याला फक्त दानधर्म म्हणणं मला पटत नाही. टिकून राहिलेला कामगार मशीन ओळखतो, आवाजावरून बिघाड सांगतो. इंग्लंडवरून सुटा भाग यायला महिने लागत असतील तर असा माणूस म्हणजे सोन्याचा. सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीतच तयार करायची पद्धतही याच विचारातून आली, म्हणजे प्रत्येक अडचणीला लँकेशायरवरून साहेब बोलवायला नको.

पण एक गोष्ट या सगळ्या कौतुकात बुडते, ती सांगायलाच हवी. मागावर धोट्यातला धागा संपला की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. लँकेशायरच्या मशीनची ही मूळ रचना. तिकडं ही फक्त आरोग्याची अडचण होती. इकडं त्यात जात शिरली. अस्पृश्य मानलेल्या कामगाराच्या ओठाला लागलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणायचे. त्यामुळं जास्त पगाराचं विणकाम खातं दलितांना बंद. नागपूरच्या गिरणीत दलित कामगार मोठ्या संख्येनं होते, ते मुख्यतः सूतकताईच्या बाजूला. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२८ च्या गिरणी संपातही हाच प्रश्न मांडावा लागला. कापूस, हवा आणि खाडे यांच्यासाठी गिरणीची रचना बदलली. इथं मात्र समाजाच्या रिवाजापुढं मान तुकवली गेली. जमशेदजींच्या सुधारणेची हद्द इथं संपते.

एम्प्रेस व्यवस्थित चालायला लागल्यावर कुणीही आराम केला असता. जमशेदजींनी १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली. साडेबारा लाखांत. उभारायला याच्या कितीतरी पट खर्च झालेली ही प्रचंड गिरणी, म्हणजे व्यवहार फायद्याचा वाटावा असाच. नाव ठेवलं स्वदेशी मिल. स्वदेशीची चळवळ १९०५ ची, हे नाव त्याच्या जवळपास वीस वर्षं आधीचं.

स्वस्त मशिनांचा चटका बसलेला माणूस पुन्हा स्वस्तात फसला, असंच म्हणावं लागेल. आतली मशिनं कुजलेली निघाली. कामगार टिकेनात. परदेशी बाजारात पाठवलेल्या सुताबद्दल तक्रारी यायला लागल्या. आता जमशेदजी स्वतःच लांबच्या देशातल्या गिऱ्हाईकांचे भरवशाचे नसलेले पुरवठादार झाले होते. टाटा नावावर बँक पैसे द्यायला कचरायला लागली. त्यांनी स्वतःचा पैसा ओतला, एम्प्रेसचे शेअर विकले, नागपूरची कसलेली माणसं कुर्ल्याला आणली आणि एक एक मशीन दुरुस्त करत, बदलत गिरणी उभी केली. बरीच वर्षं गेली. पण स्वदेशीच्या सुताला पूर्वेच्या बाजारात मान मिळाला.

आणि मग नवीनच लफडं. माल चांगला, गिऱ्हाईक तयार, पण तो चीन-जपानला न्यायचा कुणी? या मार्गावर पी अँड ओ या इंग्रज जहाज कंपनीची दादागिरी होती. दोन युरोपियन कंपन्यांशी संगनमत करून भाडं ठरवलं जायचं. हिंदी व्यापाऱ्याला एक दर आणि मर्जीतल्या बड्या गिऱ्हाइकांना गुपचूप सवलत.

जमशेदजी १८९३ मध्ये थेट जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी बोलणी केली. जपानी लोकांनी अट घातली की धोका एकट्यानं घेणार नाही, तुम्हीही बरोबरीनं जहाजं चालवा. जमशेदजींनी होकार दिला. इंग्लंडमधून जहाजं भाड्यानं घेतली आणि टाटा लाइन सुरू झाली.

पी अँड ओनं मग भाडं इतकं पाडलं की माल जवळजवळ फुकटात न्यायची तयारी दाखवली. जमशेदजींनी भाड्याच्या या लढाईवर पुस्तिका काढून सरकारकडं दाद मागितली, व्यापाऱ्यांना समजावलं. पण मुंबईचे गिरणीवाले एकेक करत स्वस्त भाड्याकडं सरकले. आज वाचलेला पैसा सगळ्यांना दिसत होता, उद्याची मक्तेदारी कुणालाच दिसत नव्हती. टाटा लाइन बंद पडली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण तिच्यामागं तिचं सरकार आणि तिचे गिरणीवाले उभे होते.

आता शेवटचं प्रकरण, पोलादाचं. याची सुरुवात आपल्या चंद्रपुरात आहे.

१८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेदजींच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथं उत्तम लोखंडाचे साठे असल्याचं त्यात लिहिलं होतं. वरोऱ्याचा कोळसा शेजारीच. त्यांनी कोळसा जर्मनीला तपासायला दिला. पोलादाच्या भट्टीला लागतो तसा कोक त्यापासून होईना. वर सरकारच्या खाणकामाच्या अटी जाचक. विषय थांबला, पण डोक्यातून गेला नाही. सतरा वर्षांनी, १८९९ मध्ये, लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाले आणि साठीला आलेला हा माणूस पुन्हा उठला.

१९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. क्लीव्हलंड, पिट्सबर्ग, अलाबामातलं बर्मिंगहॅम, जिथं जिथं भट्ट्या होत्या तिथं स्वतः गेले. ज्युलियन केनेडी या नामांकित तज्ज्ञानं सांगितलं की आधी जमिनीखाली नेमकं काय आहे याचा शास्त्रशुद्ध तपास करा, त्याला बराच खर्च येईल आणि हाती काही लागेलच याची खात्री नाही. जमशेदजींना हेच हवं होतं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांना सल्लागार नेमलं.

एम्प्रेसच्या वेळी आधी मशिनं आली होती आणि मग कापसाशी, हवेशी, माणसांशी त्यांची जुळणी सुरू झाली होती. पोलादाच्या वेळी क्रम उलटा होता. आधी खनिज, मग कोळसा, मग पाणी, आणि हे सगळं कळल्यावर भट्टी कशी असावी ते ठरणार. एकाही मशीनची ऑर्डर गेली नव्हती.

पेरिनचा सहकारी सी. एम. वेल्ड भारतात आला. जमशेदजींचा मुलगा दोराबजी त्याच्यासोबत चांद्याच्या जंगलात फिरला. बैलगाडी, तंबू, पाण्याची मारामार. लोहाऱ्याचं लोखंड चांगलं निघालं, पण मोठा कारखाना चालेल एवढं ते नव्हतं. कोळशाचं तर आधीच माहीत होतं. चांद्याचा नाद सोडायचा ठरला.

तिकडं १९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथं जमशेदजी गेले. वय ६५.

चांद्याचा नकार कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले होते. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथं मध्य प्रांताचा रंगीत भूगर्भ नकाशा लावलेला होता आणि दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोखंडाची गडद खूण दिसत होती. दोराबजींनी वेल्डला बोलावून तो दाखवला. दोघं दुर्गला निघाले, डल्ली-राजहराच्या डोंगरावर चढले तर पायाखाली लोखंडाचा आवाज येत होता.

तिथंही कोळसा आणि पाणी जवळ नव्हतं, म्हणून कारखाना तिथं झाला नाही. शोध पूर्वेकडं सरकत मयूरभंजच्या डोंगरांपर्यंत गेला आणि साकची नावाच्या गावात भट्टी उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९१२ ला तिथून पोलादाचा पहिला ठोकळा बाहेर पडला. साकचीचं नाव पुढं जमशेदपूर झालं. दुर्गच्या त्या डोंगरांतलं लोखंड आज भिलईच्या भट्ट्यांना जातं.